‘फ्लॅट गेला’ हे खोटं होतं, हे दाखवायचं कसं?

हिंजवडी फेज टूमध्ये नोकरी करणारी माझी एक मैत्रीण गेल्या वर्षी घर शोधत होती. मूळची लातूरची, मुस्लिम, एकटी राहणारी. वेबसाइटवर तिला लक्ष्मी चौकाजवळचा एक वन बीएचके दिसला. सकाळी अकराला तिने फोन केला. एजंटने भाडं, डिपॉझिट, पार्किंग, पाण्याची वेळ, सगळं नीट सांगितलं. शेवटी नाव विचारलं. नाव ऐकल्यावर म्हणाला, ‘मालकांना विचारून कळवतो.’ दहा मिनिटांत व्हॉट्सॲपवर मेसेज आला: ‘मॅडम फ्लॅट गेला.’

संध्याकाळी पाचला तिच्या टीममधल्या एका सहकाऱ्याने सहज म्हणून त्याच नंबरवर फोन केला. ‘या ना सर, उद्या दाखवतो,’ असं उत्तर मिळालं.

तिने मला फोन करून विचारलं, ‘अगं, आता तर सिद्धच झालं ना?’ मी ठामपणे हो म्हणाले. भाड्याच्या घरातला भेदभाव हाच माझ्या पीएचडीचा विषय, त्यामुळे मी म्हणजे तज्ज्ञ! दुसऱ्या दिवशी गाइडना सगळी हकीकत सांगितली. त्यांनी एकच प्रश्न विचारला, ‘त्या सहकाऱ्याचं लग्न झालंय का?’

झालं होतं. फोनवर तो म्हणालाही होता, ‘मी आणि मिसेस राहणार.’

म्हणजे दोन फोनमध्ये फरक एक नव्हता, दोन होते. मालक उद्या सरळ म्हणेल, ‘मला फॅमिलीच हवी होती. धर्माचा काय संबंध?’ आणि हिंजवडीत हे कारण कोणालाही पटेल. इथल्या निम्म्या जाहिरातींवर ‘ओन्ली फॅमिली’ लिहिलेलं असतं.

या लेखात मला एवढंच सांगायचं आहे, की भेदभाव सिद्ध करणं म्हणजे मालकाच्या मनात शिरणं नाही. त्याने दिलेलं कारण खरं की खोटं, हे तपासणं आहे. मन तपासता येत नाही, दिलेलं कारण तपासता येतं. हे एकदा लक्षात आलं की कोर्टातला पुरावा आणि संशोधनातला पुरावा दोन्ही समजायला सोपे जातात. ते दोन्ही एकच नाहीत, हेही कळतं.

सिद्ध नेमकं काय करायचं?

‘भेदभाव झाला’ या एका वाक्यात तीन वेगळे दावे दडलेले असतात.

पहिला, नकार दिला गेला. दुसरा, नकाराचं कारण त्या व्यक्तीची ओळख होती: जात, धर्म, लिंग, प्रांत वगैरे. तिसरा, त्या कारणाने नकार देणं कायद्याला मंजूर नाही.

संशोधन प्रस्तावात हे तिन्ही एकत्र कालवलेले मी खूप वेळा पाहिलेत. माझ्या स्वतःच्या पहिल्या मसुद्यातही तसंच होतं. प्रत्येक दाव्याला वेगळा पुरावा लागतो, म्हणून एकेक करून बघू. तिसऱ्यापासून सुरुवात करते, कारण बरेचसे दावे तिथेच अडतात.

कायद्याला काय मंजूर नाही?

आपल्याला वाटतं की संविधानात समता आहे, म्हणजे धर्मावरून घर नाकारणं बेकायदेशीर असणारच. प्रत्यक्षात अनुच्छेद १५(१) राज्यसंस्थेला बांधतं. खाजगी घरमालक म्हणजे राज्यसंस्था नाही. अनुच्छेद १५(२) खाजगी व्यवहारात शिरतं, पण त्यात नावं येतात ती दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं, करमणुकीच्या जागा, विहिरी, तलाव, रस्ते यांची. भाड्याच्या घराचं नाव त्यात नाही. ‘दुकान’ हा शब्द व्यापक अर्थाने घ्यायचा, असं डॉ. आंबेडकरांनी संविधान सभेत सांगितलं होतं आणि २०११ च्या इंडियन मेडिकल असोसिएशन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याचा आधार घेतला. पण तो खटला खाजगी शिक्षणसंस्थेतल्या प्रवेशाचा होता, घराचा नाही.

घरांच्या बाबतीत जो निकाल नेहमी समोर येतो तो २००५ चा, अहमदाबादच्या झोरोस्ट्रियन को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटीचा. सभासदत्व फक्त पारशांना, असा त्या सोसायटीचा उपविधी होता. सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला. संघटना स्थापन करण्याच्या हक्कावर भर दिला आणि सोसायटी ही राज्यसंस्था नाही हे अधोरेखित केलं. हा निकाल सभासदत्वाबद्दल आहे, भाडेकरूबद्दल नाही. तरी ‘आमची सोसायटी, आमचे नियम’ म्हणणाऱ्यांना तो आयता सापडतो.

सगळ्या प्रकारच्या भेदभावाला लागू होईल असा एक सर्वसाधारण कायदा आपल्याकडे नाही. सच्चर समितीच्या अहवालानंतर समान संधी आयोगाचा विचार करायला माधव मेनन यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञगट नेमला गेला, त्याचा अहवाल २००८ मध्ये आला. शशी थरूर यांनी भेदभावविरोधी खाजगी विधेयक लोकसभेत मांडलं. दोन्हींतून कायदा झाला नाही.

मग आहे काय? तुकडे आहेत. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा आणि २०१९ चा तृतीयपंथी व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) कायदा, या दोन्हींत घर भाड्याने घेण्याच्या हक्काचा स्पष्ट उल्लेख आहे. अनुसूचित जातींसाठी त्याच्या कितीतरी आधीपासून नागरी हक्क संरक्षण अधिनियम, १९५५ आहे. त्याच्या कलम ४ मध्ये कोणत्याही वस्तीत राहती जागा बांधण्याला, मिळवण्याला किंवा तिथे राहण्याला अस्पृश्यतेच्या कारणावरून आडकाठी करणं हा गुन्हा मानला आहे. शिक्षा एक ते सहा महिने कैद आणि शंभर ते पाचशे रुपये दंड. दंडाचा आकडा वाचून हसू येईल, पण या कायद्यातलं एक कलम फार मोलाचं आहे. त्याकडे पुढे येते.

कायद्यातली ही पोकळी कशी दिसते, याचं आपल्याकडचं उदाहरण मुलुंडचं आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये एका मराठी महिलेला ऑफिससाठी जागा नाकारली गेली, ‘महाराष्ट्रीय लोकांना देत नाही’ असं तोंडावर सांगितलं गेलं, आणि तिने केलेला व्हिडिओ राज्यभर फिरला. पोलिसांनी गुन्हा नोंदवला. बातम्यांत आलेली कलमं मात्र अडवणूक, मारहाण, शिवीगाळ, धमकी अशी होती. जागा नाकारण्यासाठी वेगळं कलम नव्हतंच. कल्पना करा, समोरचा शांतपणे, हसून, चहा पाजून ‘नाही’ म्हणाला असता तर? नकार तोच राहिला असता. पोलिसांना लिहायला मात्र काही उरलं नसतं.

‘माझं काही नाही हो, सोसायटी ऐकत नाही’

आता दुसरा दावा, कारणाचा. याचं सगळ्यात जुनं आणि स्वच्छ नोंदवलेलं मराठी माणसाचं उदाहरण आपल्या सगळ्यांना माहीत आहे. १९१७ मध्ये परदेशातून शिकून आलेले आंबेडकर बडोद्याला नोकरीवर रुजू झाले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना. एका पारशी वसतिगृहात पारशी नाव लावून ते राहिले. ओळख उघड झाल्यावर काठ्या घेऊन लोक आले. मग ते दोन मित्रांकडे गेले. एक हिंदू, एक ख्रिश्चन. हिंदू मित्राने सांगितलं की तू आलास तर घरचे नोकर निघून जातील. ख्रिश्चन मित्र म्हणाला, बायको यायची आहे, तिला विचारायला हवं. हे त्यांनी स्वतःच्या आठवणींत लिहून ठेवलं आहे.

संशोधक म्हणून हा प्रसंग पुन्हा वाचा. नाव बदललं तेव्हा दार उघडलं, खरं नाव कळलं तेव्हा बंद झालं. बाकी माणूस तोच, पदव्या त्याच, पगार तोच. आणि नकार देणाऱ्या दोघांनीही कारण स्वतःचं सांगितलं नाही. एकाने नोकरांचं सांगितलं, दुसऱ्याने बायकोचं.

आज तेच वाक्य आपण ‘माझं काही नाही हो, सोसायटी ऐकत नाही’ असं ऐकतो. याला मी उसनं कारण म्हणते. मुलाखती घेताना मालक, एजंट आणि सोसायटी तिघेही एकमेकांकडे बोट दाखवतात. पण उसनं कारणसुद्धा तपासता येतं. महाराष्ट्रातल्या आदर्श उपविधींनुसार सभासदाने फ्लॅट भाड्याने देताना सोसायटीला कळवून कराराची प्रत द्यायची असते. भाडेकरूच्या जातधर्माला पसंती देण्याचा अधिकार कमिटीला तिथे दिलेला नाही. तेव्हा पुढचा प्रश्न विचारा: तसा ठराव आहे का? कोणत्या सभेत झाला? इतिवृत्तात आहे का? ठराव सापडला तर तुमच्या हातात थेट पुरावा आला. नाही सापडला तर मालकाने दिलेलं कारण गळून पडलं. दोन्हीकडून तुमचं काम पुढे सरकतं.

खोटं पकडण्याची रीत

अमेरिकेत १९६८ चा फेअर हाउसिंग ॲक्ट आहे. त्यात एक तरतूद अशी, की घर रिकामं असताना वंश, धर्म वगैरे कारणांवरून ‘घर शिल्लक नाही’ असं सांगणं हेच बेकायदेशीर. नकार तर सोडाच, खोटी माहिती देणंच बेकायदेशीर.

याच तरतुदीवर १९८२ चा हेवन्स रिअल्टी विरुद्ध कोलमन हा खटला उभा राहिला. व्हर्जिनियातल्या रिचमंडजवळच्या गृहसंकुलात १९७८ मध्ये वेगवेगळ्या तारखांना एका कृष्णवर्णीय आणि एका गोऱ्या व्यक्तीने घरासाठी चौकशी केली. कृष्णवर्णीय व्यक्तीला सांगितलं गेलं, जागा नाही. गोऱ्या व्यक्तीला सांगितलं गेलं, आहे. दोघेही टेस्टर होते, म्हणजे घर घ्यायचा त्यांचा विचारच नव्हता. कंपनीने म्हटलं, ज्याला घर नकोच होतं त्याचं नुकसान काय झालं? सर्वोच्च न्यायालयाने उत्तर दिलं की खरी माहिती मिळण्याचा हक्क कायद्याने दिलेला आहे. कृष्णवर्णीय टेस्टरला खोटं सांगितलं गेलं, हीच इजा. गोऱ्या टेस्टरला खरंच सांगितलं होतं, म्हणून त्याला टेस्टर म्हणून तो दावा करता आला नाही. शिवाय त्या खटल्यात एक खराखुरा घर शोधणाराही होता, ज्याला तेच उत्तर मिळालं होतं. टेस्टर आणि खरा भाडेकरू यांची ही सांगड लक्षात ठेवा.

तिथल्या न्यायालयांनी पुराव्याची पायरी-पायरीची पद्धतही बसवली आहे. ती मुळात १९७३ च्या मॅकडोनेल डग्लस या नोकरीच्या खटल्यातली, नंतर घरांच्या दाव्यांतही आली. आधी अर्जदाराने दाखवायचं: मी त्या गटातली आहे, मी पात्र होते, मला नाकारलं, आणि जागा तरीही खुलीच राहिली. मग मालकाने कारण सांगायचं. शेवटी अर्जदाराने दाखवायचं की ते कारण बहाणा आहे. मन वाचायची गरज कुठल्याच पायरीवर नाही. सगळा भर दिलेल्या कारणाला ठोकून बघण्यावर आहे.

आपल्याकडे सर्वसाधारण नियम असा, की जो आरोप करतो त्याने शाबीत करायचं. पूर्वीच्या पुरावा कायद्यातलं कलम १०१ आता भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ मध्ये कलम १०४ आहे. पण जी गोष्ट एखाद्याच्या खास माहितीतली, ती शाबीत करायची जबाबदारी त्याच्यावर, असंही कलम आहे (जुनं १०६, आता १०९). ‘फ्लॅट कोणाला दिला, कोणत्या तारखेला दिला’ हे मालकाच्याच माहितीतलं नाही का? या कलमाने आरोप करणाऱ्याची मूळ जबाबदारी संपत नाही. पण युक्तिवादाला जागा मिळते.

आता मघाशी राखून ठेवलेलं कलम. नागरी हक्क संरक्षण अधिनियमाचं कलम १२ सांगतं की या कायद्याखालचा गुन्हा ठरणारी कृती अनुसूचित जातीच्या व्यक्तीबाबत घडली असेल, तर ती अस्पृश्यतेच्या कारणावरूनच घडली असं न्यायालय गृहीत धरेल, उलट सिद्ध होईपर्यंत. म्हणजे सगळ्यात अवघड दावा, कारणाचा, इथे मालकाच्या अंगावर टाकला आहे. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंध कायद्यातही २०१५ च्या दुरुस्तीने असंच एक गृहीतक आलं: आरोपीची पीडिताशी किंवा त्याच्या कुटुंबाशी वैयक्तिक ओळख असेल, तर त्याला जात माहीत होती असं धरायचं. पण फोनवरच्या अनोळखी मालकाला ते लागू पडत नाही.

म्हणजे बघा, तोच फ्लॅट, तोच मेसेज, तीच संध्याकाळ. नकार मिळालेली मुलगी अनुसूचित जातीची असेल तर तिला कलम १२ वापरून बघता येतं. माझ्या मैत्रिणीला ते नाही. आणि ‘बॅचलर’ म्हणून नाकारलेल्या मुलाकडे तर तिसरा दावाच नाही.

घरमालकावर जबाबदारी टाकायची कल्पना आपल्या राज्याला नवी नाही, हेही सांगते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत नसेल, तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. (हा कायदा परिशिष्टात दिलेल्या क्षेत्रांना लागू होतो, तुमच्या अभ्यासातलं गाव त्यात आहे का, ते आधी बघा.) लेखणी कोणाच्या हातात असते हे कायदा करणाऱ्यांना ठाऊक होतं. पण हे संरक्षण आत शिरलेल्या भाडेकरूला आहे. दारातून परतलेल्या माणसाचा मालकाशी करारच झालेला नसतो. आणि आत शिरलेल्यालाही अकरा महिन्यांनी ‘रिन्यू करायचं नाही’ म्हटलं की विषय संपतो. कारण द्यायला लागतच नाही, मग ते तपासायचं कुठून?

नकाराची नोंद

पहिला दावा सगळ्यात सोपा वाटतो: नकार मिळाला. पण नकार बहुधा फोनवर मिळतो, किंवा मिळतच नाही. फोन उचलायचं बंद होतं. म्हणून घर शोधणाऱ्यांना मी आता एकच सांगते: बोलणं झालं की लगेच मेसेज टाका. ‘आज ११ वाजता आपलं बोलणं झालं. फ्लॅट गेल्याचं आपण सांगितलंत, बरोबर ना?’ उत्तर आलं तर नोंद झाली, नाही आलं तरी तुमची नोंद वेळेसकट राहिली. जाहिरातीचं पान तारखेसकट जपून ठेवा. ‘फ्लॅट गेला’ म्हटल्यावर ती जाहिरात किती दिवस चालू राहिली, हेही पुराव्याचाच भाग आहे.

फोन रेकॉर्डिंग चालतं का, हा नेहमीचा प्रश्न. आर. एम. मलकानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या मुंबईच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने टेलिफोनवरच्या संभाषणाची टेप पुरावा म्हणून स्वीकारली होती. ते प्रकरण लाचेचं, आणि तेव्हापासून खाजगीपणाच्या हक्काचा कायदा खूप पुढे गेला आहे. त्यामुळे सरसकट ‘चालतं’ असं समजू नका.

आणि स्क्रीनशॉट म्हणजे पुरावा नव्हे. जालना विधानसभेच्या निवडणुकीवरून झालेल्या अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल खटल्यात, १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की मूळ उपकरणच हजर केलं नाही, तर इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र हवंच. तिथे वाद उमेदवारी अर्ज दाखल होण्याच्या वेळेचा आणि त्याच्या व्हिडिओ चित्रीकरणाचा होता. आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली प्रमाणपत्राचा नमुनाच दिला आहे, दोन भागांचा: एक भाग पक्षकाराने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने, आणि फाइलचं हॅश मूल्य नोंदवायचं. तात्पर्य, मूळ फोन विकू नका, फॉरमॅट करू नका, चॅट डिलीट करू नका.

संशोधक काय सिद्ध करतो?

इथपर्यंत एका मालकाची आणि एका भाडेकरूची गोष्ट होती. संशोधनात आपण बाजार बघतो.

भारतात या कामाचा पाया सुखदेव थोरात आणि सहकाऱ्यांनी घातला. २००७ मध्ये थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी नोकरीच्या अर्जांवर नावं बदलून प्रयोग केला. २०१५ मध्ये थोरात आणि सहकाऱ्यांनी दिल्ली, गुडगाव, नोएडा, गाझियाबाद, फरीदाबाद इथल्या भाड्याच्या घरांचा अभ्यास ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त मांडला. उच्चवर्णीय हिंदू, दलित आणि मुस्लिम घर शोधणारे, आधी फोनवर आणि मग प्रत्यक्ष. दलित आणि मुस्लिमांना नकार तर जास्त मिळालेच, शिवाय होकारासोबत जाचक अटीही आल्या.

२०१६ मध्ये सौगातो दत्ता आणि विक्रम पठानिया यांनी दिल्ली आणि उपनगरांत ऑनलाइन जाहिरातींवर प्रयोग केला. उच्चवर्णीय हिंदू नावाला मालकाचं उत्तर यायची शक्यता शंभरात ३५, मुस्लिम नावाला २२. अनुसूचित जातीच्या नावांबाबत मात्र त्यांना भेदभावाचा पुरावा दिसला नाही.

दोन अभ्यास, दलितांबद्दल दोन वेगळे निष्कर्ष. इथे थांबून विचार करा. ऑनलाइन चौकशीत मालकाला फक्त नाव दिसतं. प्रत्यक्ष भेटीत तो ‘मूळ गाव कुठलं, घरी कोण कोण’ विचारतो. हाच प्रयोग हिंजवडीत करायचा झाला तर? जाधव, गायकवाड, मोरे, पवार, शिंदे ही आडनावं आपल्याकडे मराठा समाजातही आहेत आणि दलित समाजातही. फोनवर ‘गायकवाड’ ऐकून मालकाला काय कळलं, हे तुम्हाला कळणार नाही. म्हणजे तुमच्या प्रयोगात भेदभाव दिसला नाही, तर तो नव्हता की मालकापर्यंत ओळख पोचलीच नव्हती? आधी वीसतीस लोकांना नुसती नावं दाखवून ‘ही व्यक्ती कोण वाटते’ विचारा आणि मग नावं निवडा. हे न करता काढलेला ‘फरक नाही’ हा निष्कर्ष मी तरी मानणार नाही.

आता एक काल्पनिक हिशेब. समजा तुम्ही ४० जाहिराती घेतल्या. प्रत्येकीला दोन फोन केले, अ आणि ब. नोकरी, वय, लिंग, एकटं राहणं, बजेट सगळं सारखं, फरक फक्त नावाचा. आधी कोण फोन करणार हे नाणं उडवून ठरवलं, नाहीतर खरंच मधल्या वेळेत फ्लॅट गेला असेल तर त्याचा फटका नेहमी दुसऱ्यालाच बसेल. २६ ठिकाणी दोघांना सारखं उत्तर मिळालं. १४ ठिकाणी वेगळं: ११ वेळा अ-ला हो आणि ब-ला नाही, ३ वेळा उलट.

नावाचा काहीच परिणाम नसता, तर या १४ जागा म्हणजे १४ वेळा उडवलेलं नाणं. त्यात ११ किंवा अधिक वेळा छाप पडायची शक्यता सुमारे २.९ टक्के. दोन्ही दिशा मोजल्या तर सुमारे ५.७ टक्के. म्हणजे संशय दाट आहे, पण पाच टक्क्यांची रूढ रेघही ओलांडलेली नाही. जास्त जाहिराती घ्यायला हव्यात. त्या तीन उलट्या जागा मात्र विसरू नका. धर्माशी संबंध नसलेल्या गडबडीमुळेही उत्तरं बदलतात. त्यामुळे त्या ११ पैकी कुठल्याही एका मालकाकडे बोट दाखवून ‘यानेच केलं’ असं तुम्हाला म्हणता येणार नाही.

संशोधनाचा पुरावा आणि कोर्टाचा पुरावा वेगळे होतात ते इथे. संशोधन विचारतं, या बाजारात नावाने फरक पडतो का? कोर्ट विचारतं, या मालकाने त्या दिवशी या बाईला त्या कारणाने नाकारलं का? पहिल्याचं उत्तर दुसऱ्याला चिकटवता येत नाही. एका मालकाबद्दल बोलायचं तर त्याच मालकाची पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या तारखांना चाचणी लागते, रिचमंडला झाली तशी. म्हणून प्रस्ताव लिहितानाच ठरवा, आपल्याला धोरणासाठी पुरावा हवाय की खटल्यासाठी.

आणि एथिक्स कमिटी. ऑडिटमध्ये आपण मालकाशी खोटं बोलतो, त्याचा वेळ घेतो. म्हणून फोन थोडक्यात ठेवायचा, भेटीला बोलावून प्रवास करायला लावायचा नाही, नंबर आणि पत्ते अहवालात येऊ द्यायचे नाहीत. ज्याचं खरंच नुकसान झालंय त्याची गोष्ट त्याच्या परवानगीशिवाय ‘केस’ म्हणून वापरायची नाही. ही गोष्टही मी मैत्रिणीला वाचून दाखवून लिहिली आहे.

पुढे काय झालं

गाइडच्या प्रश्नानंतर आम्ही तिसरा फोन केला. तिच्याच कंपनीतली, तिच्याच वयाची, एकटी राहणारी हिंदू मुलगी. तिने ‘सिंगल आहे’ हे सुरुवातीलाच सांगितलं. ‘चालेल मॅडम, उद्या सहानंतर या,’ असं उत्तर आलं. ‘ओन्ली फॅमिली’ची सबब आम्ही तपासली होती आणि ती टिकली नाही.

मग मैत्रिणीने विचारलं, ‘आता याचं काय करायचं?’ माझ्याकडे नकाराची नोंद होती. खोट्या कारणाचा बऱ्यापैकी पुरावा होता, जरी तिन्ही फोन एकेकदाच झाले होते आणि निर्णय मालकाचा की एजंटचा हे कळलेलं नव्हतं. तिसऱ्या दाव्यापाशी, कायद्यापाशी, माझ्याकडे तिला द्यायला काही नव्हतं. मी तसं सांगितलं. ती थोडा वेळ गप्प होती, मग म्हणाली, ‘म्हणजे तुझ्या थिसिसमध्ये तरी येईल ना?’

ती आता मारुंजीत राहते. तिचे तीन फोन माझ्या थिसिसमध्ये आकडा म्हणून येणार नाहीत, कारण ते ठरवून आखलेल्या नमुन्यातले नाहीत. ते पद्धतीच्या प्रकरणात येणार आहेत, माझ्या पहिल्या चुकीसकट. तुम्ही या विषयावर प्रस्ताव लिहीत असाल तर आज एवढं करा: कागदावर तीन रकाने आखा. नकार, कारण, कायदा. तुमच्याकडे काय आहे ते त्या त्या रकान्यात लिहा. जो रकाना रिकामा राहील, तुमचा संशोधनप्रश्न बहुतेक त्यातच असेल.